पाणी राखणारी

कालवं कशी काढतात हे मला लग्नाआधी ठाऊक नव्हतं. मी भाताच्या घरची. म्हसळ्याच्या आत, डोंगराला टेकून असलेलं आमचं गाव. तिथून समुद्र दिसत नाही. फक्त पावसाळ्यात कधीतरी वाऱ्याला खारट वास येतो आणि म्हातारी माणसं म्हणतात, आज दर्या चढलाय. लग्न आम्ही आमच्या मनानं केलं. नवरा बोटीवरचा, काशीदच्या अलीकडच्या कोळीवाड्यातला. दोन्ही घरांनी सहा महिने तोंडं फुगवली, मग ती आपोआप उतरली. पण शेजारची काकी मला पहिल्याच दिवशी ‘भातवाली’ म्हणाली ती म्हणालीच. आजही म्हणते. सुरुवातीला मला राग यायचा. आता कोणी नावानं हाक मारली तर मीच दचकते.

काकीचं म्हणणं असं की भातवाल्यांना जिवाची भीती ठाऊकच नाही, वाकायचं, लावायचं, घरी यायचं. डोंबल! माझ्या चुलत्याला बांधावर गवत कापताना फुरसं चावलं, तीन महिने माणूस खाटेवर होता. वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं मळणीच्या मशीननं घेतली. मी तेव्हा दहावीला होते आणि खळ्यावर पेंढ्या सरकवत होते. वडील ओरडले नाहीत. मशीन बंद करून त्यांनी हात धोतरात गुंडाळला आणि मला म्हणाले, ‘आईला सांगू नकोस एकदम.’ उरलेल्या तीन बोटांनी ते अजून लावणी करतात आणि माझ्याहून सरळ ओळ काढतात. हे सगळं मी काकीला ऐकवलं, तेव्हा ती म्हणाली, ‘व्हय गो, पण मशीन आवाज तरी करतं.’

ते मात्र खरं होतं. आमच्याकडचा धोका घरघरतो, गडगडतो, निदान गवतात सळसळतो. इथला तसा नाही. इथे तो हळू येऊन पायाशी उभा राहतो आणि दिसायला इतका सुंदर असतो की बघत बसावं. मी बघत बसले, तेच तर झालं. पण ते पुढे सांगते.

आमच्या कोळीवाड्यासमोर, किनाऱ्यापासून जरा आत, एक लांबट खडक आहे. एरवी तो पाण्याखाली असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मोठी ओहोटी लागली की काळा, ओला, कालवांनी भरलेला वर येतो. किनारा आणि खडक यांच्या मधोमध एक घळ आहे. ओहोटीच्या तळाला तिच्यात जेमतेम घोटाभर पाणी उरतं, ते तुडवत बायका पलीकडे जातात. आणि भरती लागली की पाणी आधी त्याच घळीत भरतं. म्हणजे तुम्ही खडकावर वाकून काम करताय, समोरचा समुद्र अजून लांब आहे, आणि पाठीमागची वाट गेलेली असते. ज्या बाईला एवढं कळलं तिला तो खडक कळला, असं सासूबाई म्हणायच्या.

कालव म्हणजे दगडाला घट्ट चिकटलेला शिंपला. तो लोखंडी कोयतीनं फोडायचा आणि आतला मऊ गोळा डब्यात टाकायचा. ऐकायला सोपं आहे. त्याच्या कडा अशा धारेच्या असतात की बोट कापलेलं आधी कळत नाही, पाणी लाल दिसतं तेव्हा कळतं. ही जखम लवकर भरत नाही. कोळीवाड्यातल्या सगळ्या बायकांच्या बोटांवर त्याच्या बारीक रेघा असतात. काम असं की मान वर काढायला फुरसत नसते, आणि मान वर काढली नाही तर पाणी दिसत नाही.

म्हणून एक बाई पाणी राखते. ती कालवं काढत नाही. खडकाच्या मधल्या उंचवट्यावर उभी राहते, तोंड घळीकडे, समुद्राकडे पाठ. वेळ झाली की हाक देते. हाक आली की अर्धं फुटलेलं कालवही तिथेच टाकून निघायचं, एक शब्द बोलायचा नाही. आणि हाक आली नाही तोवर कोणी वर बघायचं नाही, निवांत काम करायचं. घरी आल्यावर प्रत्येकीनं आपल्या डब्यातली दोन मुठी कालवं तिला द्यायची. अशी पूर्वीपासूनची पद्धत.

हाक एकच: ‘पाणी गोऽऽ!’ तिच्यात कोणाचं नाव घ्यायचं नाही. हे सासूबाईंनी मला इतक्यांदा बजावलं की मी एकदा वैतागून म्हटलं, ‘आई, मला काय ऐकू येत नाही का?’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘वाऱ्यात हाक फाटते. एकीचं नाव कानावर आलं की दुसरीला वाटतं, आपल्याला न्हाय, तिला बोलावतात. नाव घेतलंस तर एक वाचेल. पाणी म्हणालीस तर सगळ्या.’

त्यांनी स्वतः किती वर्षं पाणी राखलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना नेमकं काहीतरी काम निघायचं. एके दिवशी त्या मला पहिल्यांदाच खडकावर घेऊन निघाल्या, कोयती आणि डबा स्वतःकडे घेतला आणि मला म्हणाल्या, ‘आजपासून तू राख.’ काकी थबकली. ‘अगो, भातवालीच्या हातात जीव देऊ?’ ती हसत म्हणाली, पण पुरतं हसत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, ‘मी शिकवलंय तिला.’ काकीनं पदर खोचला आणि ती पुढे चालू लागली. मला मात्र त्या दिवशी पायाखाली खडक आहे की ढग आहे तेच कळेना. लग्नात सासूबाईंनी मला कुंकू लावलं होतं, पण घरात घेतलं ते त्या वाक्यानं.

शिकवलं होतं हे खरंच. ओटीवर बसून, बोटांवर. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटीचा तळ. तीन पाऊण सव्वादोन, म्हणून तृतीयेला भरती सव्वादोनला आणि तळ सव्वाआठला. चार पाऊण तीन, म्हणून चतुर्थीला तळ नऊला. तळ लागल्यापासून अर्धा तास, मग हाक. शाळेत मी पाढ्यांना रडले होते, पण हे पाढे मला आवडले. त्यांत चंद्र होता. स्वयंपाक करताना मी ते गुणगुणायचे आणि नवरा म्हणायचा, आमच्या घरात नवीन आरती आली वाटतं.

आता मोबाईलवर सगळं मिळतं, असं कोणीही म्हणेल. मिळतं. नवऱ्याच्या बोटीवर तर पाण्याची खोली दाखवणारं यंत्रच आहे. पण खडकावर फोन कोण नेणार? ओल्या हातात एक तर तो पडतो, नाहीतर त्यात जीव अडकतो. मनगटावर एक जुनं घड्याळ असलं की झालं, बाकी सगळं बोटांवर. त्या दिवशीही फोन घरी चार्जिंगला होता. आणि खरं सांगू? तो हातात असता तरी मी बघितला नसता. मला हिशेब येत होता ना!

ती संकष्टी होती. थंडीचे दिवस. आमच्या घरात संकष्टीचा उपास सगळे करतात. मी सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गणपती बघितला आणि मनातल्या मनात म्हटलं, संकष्टी, म्हणजे चतुर्थी, चार पाऊण तीन, तळ नऊला, हाक साडेनऊला. इतकं सोपं. काळा चहा घेतला आणि आम्ही तिघी निघालो, सासूबाई, काकी आणि मी. घळीच्या अलीकडे वाळूवर चपला काढल्या. आठ वाजायला आले होते.

धुकं असं होतं की किनाऱ्यावरची सुरूची झाडं नुसती अंदाजानं आहेत म्हणायची. आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे लागतं त्याला ठिकाण नव्हतं. वारा नाही, लाट नाही. सासूबाई खडकाच्या एका टोकाला गेल्या. डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी त्या कालवं हातानं चाचपून काढायच्या. काकी दुसऱ्या टोकाला, मधल्या उंचवट्याच्या, म्हणजे खडकाच्या कुबडाच्या, पलीकडे गेली. तिथून तिला घळ दिसत नाही. मी उंचवट्यावर उभी राहिले. दोन्हीकडून कोयत्यांचा टक टक आवाज यायचा, एकदा इकडून, एकदा तिकडून, जणू दोघी काहीतरी बोलताहेत.

उपाशी पोटी माणूस हलका होतो. मला चक्कर येत नव्हती, पण तरंगल्यासारखं वाटत होतं आणि ते बरं वाटत होतं. खडकातल्या खळग्यात पाणी साचलं होतं, त्यात नखाएवढे मासे. ते सगळे एकदम वळायचे, एकदम थांबायचे. मी उकिडवी बसून बघत राहिले. मग धुक्यातून ऊन आलं, कोवळं, आणि समोरचा सगळा समुद्र मला लावणीआधीच्या खाचरासारखा दिसायला लागला. तसंच सपाट, तसंच पांढरं. वाटलं, आत्ता वडील नांगर धरून येतील. मागून आई न्याहारी घेऊन येईल. मला बांधावर बसायला सांगतील आणि मी पाण्यात पाय सोडून बसेन. किती वेळ मी तशी होते? घड्याळात बघितलं तेव्हा नऊला पाच कमी होते. म्हटलं, अजून तळसुद्धा लागायचाय. वेळ आहे. आणि पुन्हा बघत बसले. समुद्राकडे तोंड करून. पाणी राखणारीनं जिकडे पाठ करायची तिकडे तोंड करून मी बसले होते, आणि मला इतकं सुख झालं होतं की त्याची आता लाज वाटते.

माझ्या खळग्यातले मासे निघून गेले. मला त्याचं काही वाटलं नाही. मग खडकाच्या कडेनं एक निळी चप्पल तरंगत आली. सावकाश, गोल फिरत. मला हसू आलं. म्हटलं, ही तर माझ्यासारखीच आहे.

आणि मग मी ती नीट बघितली. चप्पल माझीच होती. ती मी घळीच्या पलीकडे, वाळूवर काढली होती.

मी वळले. घळ नव्हती. किनारा आणि खडक यांच्यामध्ये नुसतं पाणी होतं, हलणारं, ओढ असलेलं पाणी. सव्वानऊ झाले होते. माझ्या हिशेबानं तळ लागून पंधरा मिनिटं झाली होती. पाण्यानं माझा हिशेब विचारलाच नव्हता.

मी धावले. कालवांवरून अनवाणी धावले, तळव्याची चाळण झाली ती नंतर कळली. सासूबाई पाठमोऱ्या वाकलेल्या होत्या. त्यांच्या घोट्यांना पाणी लागलेलं होतं आणि त्या मान खाली घालून टक टक करत होत्या, कारण हाक आलेली नव्हती. ‘आई! आई! आई!’ मी ओरडत होते. त्यांनी कानाशी हात धरून वर बघितलं. मी त्यांचा दंड धरला आणि ओढला.

‘पाणी आलंय. चला. चला लवकर!’

‘हाक दिलीस?’

‘तुम्ही चला आधी!’

‘हाक दिलीस का?’

मी नुसती ओढत होते. त्यांनी असा हिसडा दिला की माझा हात सुटला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. ‘मला काय धरतेस? हितं मी तुझी सासू न्हाय! पलीकडे ती हाय ना! हाक दे!’

तेव्हा मला काकी आठवली. आठवली म्हणते, कारण मी तिला विसरले होते. मी किनाऱ्याकडे नाही, समुद्राकडे नाही, त्या कुबडाकडे तोंड केलं आणि छाती फुटेल एवढी हाक दिली. ‘पाणी गोऽऽ!’ एकदा, दोनदा, तीनदा. पलीकडून काही आलं नाही. धुकं पुन्हा दाटलं होतं. मग कुबडावर काकी दिसली. डोक्यावर डबा, हातात कोयती. ती धावत नव्हती. खडकावर धावलं की माणूस पडतो हे तिला ठाऊक होतं.

आम्ही तिघी घळीत उतरलो तेव्हा पाणी माझ्या कमरेला लागलं, सासूबाईंच्या छातीला. काकी उंच, म्हणून ओढीच्या बाजूला ती राहिली, मध्ये सासूबाई, या बाजूला मी. हात घट्ट धरले होते. डबे केव्हाच गेले. काकी फक्त ‘पाय उचलू नको, घासत आण’ एवढंच सारखं म्हणत होती, हळू आवाजात, मुलाला झोपवतात तसं. घळीच्या मधोमध सासूबाईंचा पाय दोन दगडांत गेला. त्यांच्या हाताला एकच झटका बसलेला मला कळला. त्या ओरडल्या नाहीत. आम्ही दोघींनी त्यांना उपसून काढलं आणि वाळूवर आणलं. तेव्हा बघितलं तर टाच ते करंगळी असा पाय उघडलेला होता आणि रक्त वाळूत जिरत होतं. मी त्यांच्यापाशी बसून ढसाढसा रडले. सासूबाई म्हणाल्या, ‘रिक्षा बघ आधी.’

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरनं विचारलं, ‘अहो आजी, भरतीत कशाला थांबलात?’ सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, ‘थांबले कुठं? सुनेनं वेळेवर हाक दिलीन. माझाच पाय घसरला.’ काकी दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही. मीही नाही. मला तेव्हा तोंड उघडायला हवं होतं.

घरी येऊन मी कॅलेंडरसमोर उभी राहिले. लाल गणपतीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: तृतीया. चतुर्थी दुपारनंतर लागत होती. उपासाला रात्री चंद्र उगवतानाची तिथी धरतात, म्हणून संकष्टी त्या दिवशी होती. पण सकाळच्या समुद्राला काय त्याचं? त्याच्याकडे अजून तृतीयाच होती. तीन पाऊण सव्वादोन. तळ सव्वाआठला लागून गेला होता. मी देवाच्या तिथीनं पाणी मोजलं होतं. पाऊण तासाची चूक. मी तिथेच खाली बसले.

संध्याकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, ‘हिशेब चुकतो. माझापण दोनदा चुकलाय. म्हणून तर डोळे उघडे ठेवायचे.’ आणि चहा मागितला. औषधासाठी त्यांना उपास सोडायला लावला त्यावरून मात्र मी बोलणी खाल्ली. पायाचं पुढे बरंच लांबलं. जखम आतून चिघळली, पुन्हा उघडावी लागली. करंगळी आता हलत नाही. सासूबाई पुन्हा खडकावर गेल्या नाहीत, जाणारही नाहीत. ओहोटीच्या दिवशी त्या ओटीवर बसतात आणि बोटं मोजतात, ते मला बघवत नाही.

त्यांनी माफ केलं तरी मला चैन पडेना. कारण घोळ असा होता की सगळ्या कोळीवाड्याला वाटत होतं, भातवालीनं वेळेवर हाक दिली. बायका येऊन माझं कौतुक करून जायच्या. एक तर म्हणाली, पुढच्या महिन्यापासून आमच्या घोळक्याचं पाणी पण तूच राख. मी रात्रंदिवस तोच विचार करत होते. संकष्टी म्हणजे नऊचा तळ, असं उद्या आणखी कोणी धरलं तर? शेवटी एका दुपारी काकीकडे गेले. ती बांबूच्या मांडवावर बोंबील उलटे टांगत होती. मीही टांगायला लागले. चार-पाच जोड्या झाल्यावर सगळं सांगून टाकलं. लाल गणपती, बारीक तृतीया, पाऊण तास. म्हटलं, ‘काकी, तुम्हाला माझ्यामुळे...’

काकीनं बोंबील टांगणं थांबवलं नाही. ‘हिशेबाचं सोड गो,’ ती म्हणाली. ‘सगळ्यांचा चुकतो.’

मला बरं वाटलं. मी म्हटलं, ‘परवा ओहोटी चांगली आहे. येणार ना?’

‘मी बघितलं होतं तुला,’ ती म्हणाली. ‘पळताना.’

माझे हात थांबले.

‘कमर दुखली म्हणून जरा सरळ झाले, तर तू दिसलीस कुबडावरून. आई, आई करत पळत होतीस. मी म्हटलं, हिची सासू पडली वाटतं. ती हाक माझी नव्हती. म्हणून पुन्हा वाकले. आणखी दोन कालवं फोडली सुद्धा. हाक न्हाय म्हणजे वेळ हाय, असंच ना ठरलंय आपलं?’

मी म्हटलं, ‘काकी, कोणीही आपल्या माणसाकडेच पळेल हो.’ हे मी बोलले. बोलल्याबरोबर ते परत गिळावंसं वाटलं.

‘व्हय,’ काकी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. ‘मीपण पळाले असते. म्हणून तर नाव घ्यायचं न्हाय.’ मग तिनं शेवटची जोडी टांगली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, ‘परवा येईन मी. पण पाणी मी राखीन.’

त्या दिवशी धुकं नव्हतं. काकी उंचवट्यावर उभी राहिली, तोंड घळीकडे, कंबरेवर हात. मी कोयती घेऊन खाली गेले आणि वाकले. आजवर मी त्या खडकावर कधी वाकलेच नव्हते. वाकलं की फक्त दगड दिसतो. पाठीमागे पाणी येतंय की नाही ते दिसत नाही, ऐकू येत नाही. पाठीचं कातडं तेवढं सारखं शहारत राहतं. दर दोन कालवांनंतर मान वर काढावीशी वाटत होती. काढली नाही. वर एक बाई उभी आहे, ती बघेल, एवढ्यावर हात चालू ठेवला. आणि मग मला कळलं की अख्खा हिवाळा दोन बायकांनी आपापला जीव माझ्या गळ्यात ठेवून अशा मान खाली घालून कामं केली होती. वेळ आली तेव्हा मी त्यातला एक उचलून पळाले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला एक हात रिकामा नव्हता. मी हाकेची वाट बघत राहिले.